विल्फ आणि घशातला क

विल्फ पहिल्या दिवशी आमच्या मेसमध्ये शिरला तेव्हा आचाऱ्यानं त्याला दारातच थांबवलं. कुवेतमधल्या शुऐबाच्या आमच्या यार्डात जेवायची सोय दोन ठिकाणी होती. मोठ्या हुद्द्याच्या आणि गोऱ्या लोकांसाठी एसी केबिन, आणि बाकीच्यांसाठी पत्र्याची लांब शेड, तिचं नाव इंडियन मेस. विल्फ कॅनडाहून आलेला ट्रेनर होता, बॅजवर तसं लिहिलेलंही होतं. आचारी नम्रपणे म्हणाला, "सर, आपका खाना उधर है. ये इंडियन मेस है." विल्फनं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून एक कार्ड काढलं, ते आचाऱ्यासमोर धरलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "मी इंडियनच आहे."

आचाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून त्यानं मला हाक मारली. मी कार्ड वाचलं. कॅनडा सरकारनं दिलेलं ओळखपत्र होतं आणि त्यावर खरोखरच छापलं होतं की हा गृहस्थ कायद्यानं इंडियन आहे. मी वर पाहिलं. माझ्यासमोर त्रेसष्ट वर्षांचा, रुंद खांद्यांचा, पाठीवर करड्या केसांची शेंडीएवढी वेणी सोडलेला माणूस उभा होता. रंगानं तो नाशिकच्या माझ्या सख्ख्या मामासारखा होता. तो म्हणाला, "पाचशे वर्षांपूर्वी एक खलाशी तुमच्याकडे यायला निघाला आणि वाट चुकून आमच्याकडे आला. त्याची चूक मी अजून खिशात घेऊन फिरतो. निदान एकदा तरी तिचा जेवायला उपयोग होऊ दे."

त्या दिवसापासून दोन वर्षं तो आमच्याच शेडमध्ये जेवला. डाळ त्याला आवडली, चपाती त्याला कधीच नीट तोडता आली नाही.

विल्फ सानिच जमातीचा होता. कॅनडाच्या पश्चिम टोकाला समुद्रात एक मोठं बेट आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या एका निमुळत्या भूभागावर हे लोक हजारो वर्षं राहत आले आहेत. चार लहान गावं, समोर समुद्र, पाठीमागे उंच झाडं. तरुणपणी तो जहाजबांधणीच्या गोदीत रिगर म्हणून लागला. रिगर म्हणजे क्रेननं उचलायच्या अवजड वस्तूंना दोर आणि साखळ्या बांधणारा माणूस. पुढे तो तेलाच्या कामांवर गेला आणि वय झाल्यावर हेच काम इतरांना शिकवू लागला. तसा तो कुवेतला पोचला. मी तिथे देखभालीच्या कामांचं नियोजन पाहत होतो. इंग्रजीत मी त्याला नुसतं विल्फ म्हणायचो, म्हणून आता मराठीतही त्याच्याविषयी अहोजाहो लिहिणं मला जमत नाही. तो बोलायचा इंग्रजीत, त्याची वाक्यं मी माझ्या मराठीत देतो आहे.

त्याचा पहिला वर्ग मला चांगला आठवतो. समोर तीस रिगर, बहुतेक आपल्या देशातले, काही नेपाळी. सुरक्षेचे नियम ऐकायच्या तयारीनं सगळे डोळे अर्धे मिटून बसलेले. विल्फनं नियमांचा कागद बाजूला ठेवला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. फार पूर्वी समुद्र चढायला लागला. शहाण्या म्हाताऱ्यांनी देवदाराच्या सालीचा लांबच लांब दोर वळून ठेवला होता. लोक होड्यांत बसले, पाणी चढत गेलं, आणि डोंगराच्या माथ्यावरच्या एका झाडाला त्यांनी होड्या त्या दोरानं बांधल्या. ज्यांच्याजवळ दोर नव्हता ते वाहून गेले. पुष्कळ दिवसांनी डोंगराचं टोक पाण्यातून वर येताना दिसलं. त्या वर येण्यावरून आम्हा सानिच लोकांना नाव मिळालं. आमचे जुने लोक त्या जातीच्या झाडाचं लाकूड अजूनही चुलीत घालत नाहीत.

"माझं सगळं खानदान एका दोरावर वाचलं आहे," तो म्हणाला. "म्हणून दोर न तपासता कुणी वजन उचललं तर मला राग येतो. तो राग कंपनीचा नाही, घरचा आहे."

मागून कुणीतरी हिंदीत सांगितलं की आमच्याकडेही असाच पूर आला होता, मनूची नाव माशाच्या शिंगाला बांधली होती आणि दोर म्हणून साप वापरला होता. मी भाषांतर केलं. विल्फनं विचार करून विचारलं, "सापाला किती टन झेपतं हे कुणी तपासलं होतं?" मग फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, साप, प्रमाणपत्र नाही, वापरू नये. त्यानंतर त्या वर्गात कुणी झोपलं नाही.

त्या तिसांत सखाराम कुबल होता. मालवणजवळच्या एका खेड्यातला, बाप आणि आजा दोघंही रापणीवर जाणारे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावानं मिळून ओढायचं मोठं जाळं. सखारामला इंग्रजी येत नव्हतं आणि विल्फला हिंदी, पण गाठी बांधायच्या तासाला दोघं एकमेकांच्या हातांकडे पाहत राहिले. सखाराम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेबानू, ह्यो म्हातारो जाळ्यातलो माणूस आसा. माका हात बघून कळता."

तो खरंच जाळ्यातला माणूस निघाला. सानिच लोकांचं सामन मासे धरायचं एक खास जाळं होतं. दोन होड्यांच्या मधे ते पसरायचं आणि मासा आपण होऊन वर चढत आत येईपर्यंत वाट पाहायची. विल्फच्या आजोबांच्या काळात सरकारनं ते बंद केलं. पूर्वीसारखे मासे धरू देऊ असं सरकारनंच जुन्या करारात कबूल केलेलं असतानाही बंद केलं. आता नवी मुलं ते पुन्हा शिकत होती, आणि गावच्या शाळेला दाखवण्यासाठी एक लहान नमुना हवा होता. विल्फनं तो कुवेतमध्ये विणायचं मनावर घेतलं. जवळच्या अहमदी गावात त्याला जुन्या स्टाफ क्वार्टरपैकी एक घर मिळालं होतं, पुढे छोटी बाग होती. शुक्रवारी सुटीच्या दिवशी सकाळी तिथे तो आणि सखाराम जाळं विणत बसायचे आणि मी चहा करून दोन्ही बाजूंचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचो.

एका शुक्रवारी विल्फ आत काहीतरी आणायला गेला. परत आला तेव्हा सखाराम अभिमानानं म्हणाला, "बाबानू, हय एक मोठां भोक रवलां होतां तुमचां. मी शिवून टाकलंय."

मी सांगितलं. विल्फनं जाळ्याकडे पाहिलं आणि तो खालीच बसला. त्याला इतकं हसू येत होतं की आवाज फुटत नव्हता. जाळ्याच्या शेवटी एक भोक मुद्दाम ठेवतात, बारीक फांदीचं कडं करून. आलेल्या माशांपैकी काहींनी त्यातून निघून जावं आणि अंडी घालायला नदीत वर पोचावं म्हणून. "मासेसुद्धा घराणी करून राहतात," विल्फ म्हणाला. "कुणाचं सगळं घराणं उचलायचं नसतं. माझ्या आजोबांचा सगळा धर्म त्या भोकात होता, आणि तो तू दहा मिनिटांत शिवून टाकलास."

सखारामनं शिवलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "आमच्या रापणीक असां भोक ठेवूया म्हटलां तर लोक माका येडो म्हणतले," तो म्हणाला. "पण बरां करतत ते. आमच्या ट्रॉलरवाल्यांका कोणीतरी ह्यां शिकवक् व्हयां." मग त्यानं आपल्या हातानं टाके उसवले.

शुक्रवारी संध्याकाळी विल्फ अहमदीतल्या चर्चमध्ये जायचा. कुवेतमध्ये सुटी शुक्रवारी, म्हणून रविवारची मोठी प्रार्थनाही शुक्रवारीच होते. विल्फनं तिथल्या रस्त्यांना घाबरून गाडी घेतली नव्हती. मी त्याला सोडायचो आणि बहुतेक वेळा मागच्या बाकावर बसून राहायचो, कारण बाहेर उकाडा आणि आत एसी. चर्च गच्च भरलेलं असे. मल्याळी, फिलिपिनो, गोव्याचे, मंगळूरचे, आणि वसईची काही मराठी कुटुंबं. या वसईकरांच्या म्होरक्या म्हणजे ॲनामावशी. अठ्ठावीस वर्षं कुवेतच्या एका रुग्णालयात नर्स होत्या आणि चर्चमधल्या माणसांशीही पेशंटसारख्याच वागायच्या. मी हिंदू असून मागे बसतो हे कळल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "डायबेटिस नाही ना? मग प्रार्थना झाल्यावर केक खाऊन जा."

विल्फच्या लहानपणाची गोष्ट मला त्या वाटेवरच कळली. मी सहज विचारलं होतं की तुझी भाषा मला थोडी बोलून दाखव. तो म्हणाला, "मला येत नाही." पुढच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्यानं कारण सांगितलं. सहाव्या वर्षी त्याला चर्चनं चालवलेल्या निवासी शाळेत नेलं. तिथे घरची भाषा बोलण्याला बंदी होती. पहिल्या आठवड्यात त्यानं थोरल्या बहिणीला, मार्थाला, जेवणघरात पाहून हाक मारली. तिच्या नावानं नाही, ताई या अर्थाच्या शब्दानं. झगा घातलेल्या एका माणसानं त्याला सगळ्यांसमोर पट्ट्यानं मारलं. मार्था मोठी होती, तिनं भाषा मनात लपवून ठेवली. लहानग्या विल्फची मात्र गेली. घरी परतल्यावर आईनंही त्याच्याशी ती बोलणं सोडलं, पोराला पुन्हा मार बसू नये म्हणून.

मी गाडी चालवत होतो म्हणून मला त्याच्याकडे पाहावं लागलं नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, "मग तू चर्चमध्ये कशाला जातोस?"

हा प्रश्न त्याला पुष्कळांनी विचारलेला असावा. तो म्हणाला, "मला मारलं ते माणसांनी. येशू त्या शाळेत असता तर तो मुलांच्या रांगेत असता. त्याची भाषा तरी त्यांना कुठे येत होती? त्यालाही पट्टा बसला असता." पुढे म्हणाला, "माझी आजी पहाटे समुद्राला हात जोडायची आणि मग माळ घेऊन बसायची. पाद्री तिला नोहाच्या पुराची गोष्ट सांगायला आले तेव्हा ती म्हणाली, बातमी जुनी आहे, पण बसा, जेवून जा. आजीला दोन्ही जमत होतं. मी तिचा नातू आहे."

त्याची भाषा गावात आता पुन्हा शिकवली जात होती. नात टेसा चोवीस वर्षांची होती आणि गावच्या शाळेत नेमकी तीच भाषा शिकवत होती. तिनं अनेकदा सांगूनही आजोबा शिकायला तयार नव्हते. "या वयात नवीन दात येत नाहीत," एवढंच म्हणायचे.

मग ॲनामावशींचा फोन आला. चर्चच्या वार्षिक सणाला तिथे जितक्या भाषांचे लोक येतात तितक्या भाषांत 'आमच्या बापा' ही येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायची होती, प्रत्येक भाषेचा एक माणूस. त्यांनी विल्फला विचारलं, "तुम्ही इंग्रजीतून म्हणाल ना?" फोन स्पीकरवर होता, मी शेजारी होतो. विल्फ म्हणाला, "इंग्रजी माझी भाषा नाही. मी माझ्या भाषेत म्हणेन." फोन ठेवल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच बोललो होतो.

सणाला सहा आठवडे होते. दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाडीत शाळा भरली. पहाटे साडेपाचला मी त्याला अहमदीतून घ्यायचो, वीस मिनिटांत शुऐबाला पोचायचो. टेसा फोनवरून शिकवायची. आमची पहाट म्हणजे तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. "माझी नात कालमधून बोलते," असं विल्फ सांगायचा. ती आजोबांना त्यांच्या भाषेत सीला म्हणायची, पण शिक्षिका म्हणून कडक होती. "पुन्हा म्हण, सीला. नाही, घशातून. अजून मागून." त्या भाषेत एक क आहे, तो जिभेच्या मुळाशी, घशात फुटतो. विल्फला तो दहा दिवसांत जमला, लहानपणी कुठेतरी ऐकलेला असणार. मला कधीच जमला नाही. मी ती प्रार्थना वहीत देवनागरीत उतरवून घेत होतो. आधी क खाली एक नुक्ता दिला, मग दोन, शेवटी क भोवती गोल काढला. आमचे कागदपत्र करणारे अबू सालेम यांनी मला अरबीतला क़ाफ शिकवून पाहिला. टेसा म्हणाली, "दिशा बरोबर आहे, पण अजून तुम्ही दारातच आहात."

एक अडचण 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीपाशी आली. पाव त्या लोकांना गोऱ्यांच्या दुकानातून माहीत झालेला. टेसा म्हणाली, खाणं असा साधा शब्द घेऊ. विल्फचं म्हणणं, सामन म्हणावं. प्रश्न मार्थाकडे गेला, ती एकाहत्तर वर्षांची, घरातली शेवटची जन्मापासून ती भाषा बोलणारी. ती म्हणाली, "देवाकडे रोज मासा मागितला तर तो तुला होडी देईल आणि म्हणेल, ऊठ. खाणंच म्हण." मी हे ॲनामावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही वसईचे पाव खाणारे लोक, पण प्रार्थनेत भाकरच म्हणतो. मार्थाबाईंना माझा नमस्कार सांगा."

त्या दिवसांत मला घरात एक गोष्ट खटकायला लागली. माझी मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मी तेच उत्तर मान्य करून पुढे बोलायचो. तिला कुणी पट्ट्यानं मारलं नव्हतं. मी विल्फला हे सांगितलं. तो म्हणाला, "तिला ओरडू नकोस. ओरडून भाषा जाते, येत नाही. तू फक्त मराठीत विनोद सांगत जा आणि त्याचा अर्थ सांगू नकोस." हा उपाय मी अजून करतो. बऱ्यापैकी लागू पडतो.

सणाच्या चार दिवस आधी चर्चमध्ये सराव झाला. गाडीत, यार्डात, सखारामसमोर विल्फ प्रार्थना न अडखळता म्हणत होता. तिथे तो वेदीपाशी गेला, शेजारी फादर झगा घालून उभे होते, भले गृहस्थ, हसून वाट पाहत होते. विल्फनं तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, पुन्हा प्रयत्न केला. मग फादरना मान लववून तो खाली उतरला आणि ॲनामावशींना म्हणाला, "माझं नाव काढून टाका."

ॲनामावशींनी त्याचा चेहरा पाहिला, मग हातातली यादी पाहिली. "नाव मी पेननं लिहिलंय," त्या मराठीतच म्हणाल्या. "पेन्सिलनं लिहिलं असतं तर खोडलं असतं." मी याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा विल्फ हसला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "माझं डोकं त्रेसष्ट वर्षांचं आहे. घसा अजून सहा वर्षांचा आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे फोनवर टेसा नव्हती, मार्था होती. तिला सगळं कळलं होतं. विल्फनं तिला सांगितलं की तो म्हणणार नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. पण त्या दिवशी आमच्याकडे शुक्रवारची सकाळ असेल. मी अंघोळ करून, चांगले कपडे घालून फोनपाशी बसणार आहे. तू उभा राहा. बोललास तर ऐकेन, नाही बोललास तर तू उभा आहेस हे ऐकेन." विल्फनं फोन बंद केला आणि मला सांगितलं, त्या दिवशी मागे नको, पुढे बस.

सणाच्या संध्याकाळी चर्चमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. विल्फनं पांढरा शर्ट घातला होता आणि वेणी नव्यानं घातली होती. माझ्या शेजारी सखाराम इस्त्रीचे कपडे करून बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आलेला. माझ्या एका हातात फोन होता, फोनवर मार्था, आणि मांडीवर वही. विल्फच्या सांगण्यावरून आम्ही या वेळी पुढून तिसऱ्या बाकावर होतो. एकेक भाषा होत गेली. अरबी, मल्याळम, कोकणी, तागालोग. ॲनामावशींनी मराठीतून म्हटली, रुग्णालयात औषधं वाटताना लागतो त्या आवाजात. मग विल्फचं नाव पुकारलं.

तो गेला. फादर शेजारी होते. त्यानं डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली, खणखणीत. दुसरी म्हटली. आणि थांबला.

लोकांना आधी वाटलं, प्रार्थनेतच अशी जागा असेल. मग कुणीतरी खोकलं. विल्फचे डोळे उघडे होते आणि तो फादरच्या झग्याकडे पाहत होता. मी फोन कानाला लावला, मार्था काही सांगेल म्हणून. तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. सखारामनं मला कोपरानं ढोसलं. "साहेबानू, तुमच्या वहीत आसा मां? सांगा त्याका."

मी उभा राहिलो. नाशिकचा माणूस, जन्मात कधी स्टेजवर बोललेलो नाही. वहीतली तिसरी ओळ मी मोठ्यानं वाचली, त्या गोल काढलेल्या क सकट.

विल्फचं डोकं झटकन माझ्याकडे वळलं. माझा क नेहमीसारखाच चुकला होता. सहा आठवडे रोज पहाटे जे झालं होतं तेच झालं. त्यानं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि माइकमधूनच मला सांगितलं, "नाही. अजून मागून." आणि तो क बरोबर म्हणून दाखवला. मी पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. चर्चमध्ये हसू पसरलं, फादरही हसले. विल्फनं मान हलवली, माझा नाद सोडला आणि ती ओळ स्वतः म्हटली. पुढची म्हटली. खाण्याची ओळ आली, क्षमेची आली, आणि शेवटच्या आमेनला सगळ्या भाषांचे लोक एकदम त्याच्यात मिसळले.

नंतर मागच्या अंगणात बिर्याणी आणि केक होता. विल्फ दोन ताटं जेवला. फादर त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. मी विल्फला फोन दिला. तो बराच वेळ ऐकत होता, मग फोन बाजूला धरून मला म्हणाला, "मार्था म्हणते, दुसरा माणूस फार वाईट बोलला, पण वेळेवर बोलला." त्यानं त्यांच्या भाषेत आभाराचा शब्द मला सांगितला. हायस्ख्वका. देवनागरीत मला याहून जवळ जाता येत नाही.

पुढच्या वसंतात करार संपला आणि तो परत गेला. विमानतळावर सखाराम त्याच्या पाया पडला. विल्फला ते काय आहे ते कळलं नाही, म्हणून तोही खाली वाकला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यावर ते दोघं इतके हसले की निरोपाचं बोलणं राहूनच गेलं.

मार्था दोन वर्षांपूर्वी गेली, झोपेत, शांतपणे. विल्फनं फोन करून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज थकलेला होता, पण मोडलेला नव्हता. दफनाच्या वेळी पाद्र्यानं इंग्रजीतून प्रार्थना केली आणि विल्फनं त्यांच्या भाषेतून. त्याचं म्हणून होईपर्यंत कुणी कबरीवर माती टाकली नाही, असं त्यानं सांगितलं. घरात आता ती भाषा जन्मापासून बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जो होता तो शिकणारा होता.

गेल्या महिन्यात त्याला व्हिडिओवर पाहिलं. वेणी पूर्ण पांढरी झाली आहे. तो एका फार लहान खुर्चीवर बसला होता, गुडघे छातीपर्यंत आलेले, मागे रंगीत चित्रं लावलेली भिंत. मला वाटलं तो शाळेत शिकवायला लागला. मी तसं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी पहिलीत बसतो. प्रार्थनेच्या पलीकडचं मला काहीच येत नव्हतं. पाऊस, बूट, भूक, माझी पाळी आहे, हे सगळं राहून गेलं होतं. टेसा म्हणाली, मग सुरुवातीपासून बस. वर्गात चौदा मुलं आहेत, सहा सहा वर्षांची."

मी विचारलं, कसं चाललंय.

"मुलं माझ्या पुढे गेलीत," तो म्हणाला, आणि त्याला त्याचा फार आनंद झालेला दिसत होता. "मी बहुतेक नापास होणार. टेसाला विचारलं, तर ती म्हणते, काही हरकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीत बसता येतं."